आपलं आहे की!

बालमित्रांनो, सहलीला निघताना तुमचा डबा कोण भरून देतं? आणि तो डबा सगळ्यांसमोर उघडताना कधी लाज वाटली आहे का? खरं सांगा हं! शेजारच्याच्या डब्यात विकतचं काहीतरी रंगीबेरंगी आणि आपल्या डब्यात भाकरी नि चटणी, म्हणून झाकण अर्धंच उघडून गुपचूप घास घेतलाय कधी?

मी घेतलाय. पण ते लहानपणी. मोठा झाल्यावर, शाळेत मास्तर झाल्यावर, पोरांना 'घरचं खा, घरचं खा' असं रोज सांगत असताना मी त्याहून वाईट गोष्ट केली. आज तीच सांगणार आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना ती अजून ठाऊक नाही. आता कळेल.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहराला तर प्रवासी रेल्वेसुद्धा मिळाली ती 2025 च्या सप्टेंबरात. त्यामुळे विमान म्हटलं की आमच्याकडे मान वर करून बघायची गोष्ट. माझ्या बहिणीचं सासर दिल्लीला. तिला सातवा महिना लागला होता आणि ओटी भरायला आई जाणार होती. रेल्वेने जायचं तर आईचे गुडघे दुखतात. म्हटलं, चल, यावेळी विमानाने नेतो तुला. 2024 चा जानेवारी महिना होता, संक्रांत तोंडावर आलेली.

आई चार दिवस आधीपासून कामाला लागली. तिळगूळ झाला, डिंकाचे लाडू झाले, खारका-खोबरं बांधून झालं. आणि निघायच्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातून आवाज यायला लागला, धप् धप् धप्!

ओळखलंत? धपाटे! आमच्या मराठवाड्यात धपाट्याशिवाय प्रवास नाही. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं आणि थोडं डाळीचं. लसूण, जिरं, मिरची वाटून घालायची. तीळ, ओवा, हळद, कोथिंबीर. मग ओल्या फडक्यावर गोळा ठेवून हाताने थापायचा, मध्ये बोटाने भोकं पाडायची आणि फडक्यासकट उचलून अलगद तव्यावर उलटायचा. लांबचा पल्ला असेल तर दशम्या करतात, म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ मळलेली भाकरी. ती मऊ राहते आणि टिकतेही. पण आईचा भरवसा धपाट्यांवर. तिने दहा धपाटे केले, शेंगदाण्याची कोरडी चटणी पुडीत बांधली आणि सगळं एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून वर दोन गाठी मारल्या. गाठोडं तयार!

मी म्हटलं, "आई, विमानात खायला विकत मिळतं."

"मिळंना का. आपलं आहे की!"

जीप निघाली. नेकनूर, मांजरसुंबा, बीड. गेवराई मागे पडली, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला. आई पुढच्या सीटवर झोपलेली, गाठोडं असलेली कापडी पिशवी माझ्या मांडीवर. लसणाचा असा घमघमाट सुटला होता की विचारू नका! एरवी तोंडाला पाणी सुटलं असतं. पण मला डोळ्यांसमोर दिसायला लागले विमानातले लोक. कोटवाले, लॅपटॉपवाले. आई त्यांच्यात बसून फडक्याच्या गाठी सोडणार, बोटांनी चटणी घेणार आणि सगळे आमच्याकडे वळून बघणार...

चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरताना मी गाठोडं पिशवीतून काढलं आणि जीपच्या मागच्या सीटखाली सरकवलं. पिशवी रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात माझी शाल घडी करून ठेवली. आईला सांगितलं नाही. ड्रायव्हरलाही सांगितलं नाही. जीप निघून गेली.

मनात म्हटलं, वर गेल्यावर तिला विमानातलं चांगलं गरम काहीतरी घेऊन देऊ. झालं! आपणच आपली समजूत काढायला किती वेळ लागतो?

मोठं सामान देताना खिडकीवरच्या ताईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. बॅगेत पॉवर बँक आहे का, लायटर आहे का, सुकं खोबरं आहे का?

"हाय की!" आई उत्साहाने म्हणाली. "दोन वाट्या हायत. ओटीच्या."

मुलांनो, तुम्हाला माहीत होतं का, की खोबऱ्याची सुकी वाटी विमानाच्या सामानात चालत नाही? मलाही नव्हतं. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. ते कोंदट जागेत दाबून भरलं तर आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं. म्हणून जगभरच्या मालवाहतुकीच्या यादीत खोबरं चक्क धोकादायक मालात मोडतं. मला वाटलं आई आता वाद घालणार. पण ती लगेच म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. होळीत नारळ कसा भडकतो, बघितलं न्हाईस व्हय?" बॅग उघडून तिने दोन्ही वाट्या काढल्या आणि तिथे फरशी पुसणाऱ्या बाईंच्या हातात ठेवल्या. "घे बाई, कालवणाला घाल." लाडवांतलं किसलेलं खोबरं मात्र सुखरूप दिल्लीला गेलं.

खाण्याचे बाकीचे नियम सांगून टाकतो, म्हणजे उगाच कुणाच्या आईने केलेलं फेकून द्यावं लागणार नाही. कोरडा खाऊ, म्हणजे पोळी, धपाटे, चिवडा, लाडू, चकली, हे हातातल्या पिशवीत चालतं. अडतं ते पातळ आणि तेलकट. लोणचं, तूप अशा गोष्टी घट्ट झाकणात, दोन पिशव्यांत बांधून मोठ्या सामानात टाकाव्यात. परदेशी जायचं तर आणखी कडक. 2006 साली पातळ स्फोटकं विमानात नेण्याचा एक कट उघडकीला आला. तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर 100 मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ पदार्थाची बाटली हातात नेता येत नाही. शिवाय ज्या देशात जायचं तिथे फळं, बिया, दूध-दुभतं नेऊ देतात की नाही, ते आधी बघावं लागतं.

सुरक्षा तपासणीत आमची कापडी पिशवी यंत्रात गेली. आई जवानाला म्हणाली, "धपाटे हायत बाबा त्यात. बघायचं तर बघ, पण फडकं सोडलंस तर परत नीट बांध." जवान बहुतेक परप्रांतातला होता, त्याला शब्द कळले नाहीत. तो हसला आणि त्याने पिशवी पुढे सरकवली. मला भर थंडीत घाम फुटला होता.

आणि मग कळलं की विमानाला उशीर आहे. दिल्लीत दाट धुकं पडलं होतं आणि आमचं विमान तिकडून सुटलंच नव्हतं. जानेवारीत उत्तरेत हे नेहमीचंच. एक तास गेला. दोन गेले. समोर दुकान होतं. मी विचारलं, "आई, वडा आणू? सँडविच आणू?"

"कशाला? आपलं आहे की!"

"मग खाऊन घेतेस का..." एवढं बोलून मी जीभ चावली.

"विमानात बसून खाऊ," ती हळूच म्हणाली. "ढगावर गेल्यावर. शेजारच्या आक्काला सांगितलंय मी, ढगावर बसून धपाटा खाणार म्हणून."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तिथल्या तिथे खरं बोलायला हवं होतं ना! मी बोललो नाही. विषय बदलला. अंतराळवीरांच्या गोष्टी सांगायला लागलो.

त्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत. 1965 च्या मार्चमध्ये जेमिनी 3 या यानातून जाताना जॉन यंग या अमेरिकन अंतराळवीराने आपल्या पोशाखात एक सँडविच लपवून नेलं होतं! वर गेल्यावर ते बाहेर काढलं, तर पावाचा चुरा यानात तरंगायला लागला. चुरा यंत्रात गेला तर? घाईघाईने सँडविच परत खिशात गेलं. पुढे अमेरिकेच्या संसदेत त्यावर प्रश्न विचारले गेले. एका सँडविचवर! नंतर 1985 साली मेक्सिकोच्या रोडोल्फो नेरी वेला यांनी आपल्या देशातली पातळ पोळी, तॉर्तिया, वर नेली. तिचा चुरा होत नाही, गुंडाळून खाता येते. ती सगळ्यांना इतकी पटली की तेव्हापासून अंतराळवीरांच्या जेवणात ती कायमची झाली. आपले राकेश शर्मा 1984 साली गेले तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यांच्यासाठी भारतीय पदार्थ बांधून दिले होते. आणि 2025 च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले ते गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन. ही शेवटची गोष्ट तेव्हा घडायची होती, म्हणून आईला सांगता आली नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तिथं धपाटा चालंल. धपाट्याचा चुरा होत न्हाई."

अखेर विमान आलं. रांग लागली तशी आईने डबीतून मधुमेहाची गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. ही गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात काहीतरी खायचं, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं. ती ते कधी चुकवत नाही. तिचा हिशेब पक्का होता. आता बसायचं, उडायचं, ढग आले की गाठोडं सोडायचं.

पण आत बसलो, दारं लागली आणि विमान हलेचना! दिल्लीहून उतरायची परवानगी मिळेपर्यंत थांबायचं होतं. वीस मिनिटं. चाळीस मिनिटं.

"काढ रे गाठोडं," आई म्हणाली. "ढगाचं बघू मागनं."

मी म्हणालो, "अगं, ते चुकून मोठ्या बॅगेत गेलं वाटतं."

"बरं," ती म्हणाली. तिने विश्वास ठेवला.

थोड्या वेळाने मी बघितलं तर तिच्या कपाळावर घामाचे थेंब. गार हवा चालू असताना घाम! हात थरथरत होता. बोलताना जीभ जड झाली होती. मुलांनो, तुमच्या घरी आजी-आजोबांना मधुमेह असेल तर ही लक्षणं लक्षात ठेवा. गोळी पोटात आहे आणि अन्न नाही, तेव्हा रक्तातली साखर खाली उतरते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तर आधी साखर द्यायची, मग जेवण. मी वरचं बटण दाबलं. हवाईसुंदरी धावत आली. त्या मुलीने एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही. फळांच्या रसाची खोकी फोडली, साखरेच्या पुड्या आणल्या, आईचा हात धरून तिला रस पाजला. आई हळूहळू सावरली. दहा मिनिटं होती ती, पण मला वाटलं की मी केजहून दिल्लीला पायी चाललोय.

"पोटाला काहीतरी द्या आता," ती म्हणाली. "मी सँडविच आणते."

तेवढ्यात खिडकीजवळ बसलेली मुलगी कानातली यंत्रं काढून म्हणाली, "काकू, माझ्याकडं धपाटे आहेत. देऊ?"

जीन्स घातलेली, मघापासून मोबाइलमध्ये डोकं घातलेली ही मुलगी! हिला लसणाचा वास आला तर ती नाक मुरडेल, असं बसताना माझ्या मनात आलं होतं. तिने बॅगेतून स्टीलचा डबा काढला. माजलगावकडची होती. दिल्लीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. आपल्या भागातली कितीतरी पोरं-पोरी तिकडे एका खोलीत तिघं-चौघं राहून अभ्यास करतात. तिच्या आईने आठ दिवस पुरतील एवढं बांधून दिलं होतं.

डबा उघडला आणि लसणाचा वास दरवळला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून बघितलं. रागाने की भुकेने, ते कळलं नाही. आईने एक धपाटा खाल्ला, पाणी प्यायली. मग विमान उडालं. ढग खाली गेले, वर लख्ख ऊन. आईने खिडकीतून डोळे भरून बघितलं आणि दुसरा अर्धा धपाटा मागून घेतला. खाल्ला, आणि म्हणाली, "चांगले झालेत गं. पण तुझ्या आईचं मीठ कमी पडलंय."

"काकू, सकाळी घरी खाल्ला तेव्हा तर बरोबर होतं!"

दोघींचंही खरं होतं. उंचावरून जाताना विमानातली हवा जमिनीवरच्यासारखी दाट ठेवत नाहीत. साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असते तशी ती विरळ असते. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटरच आहे, म्हणजे विमानातला माणूस कळसूबाईच्याही वर बसल्यासारखा असतो! शिवाय ती हवा फार कोरडी. नाक सुकतं, आणि निम्मी चव तर नाकालाच कळत असते. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सा कंपनीसाठी जमिनीवरच विमानासारखी खोली तयार करून लोकांना जेवू घातलं होतं. तिथे खारट आणि गोड चव बरीच कमी लागते, असं दिसून आलं. म्हणून विमानातलं विकतचं जेवण पुष्कळदा सपक लागतं, सगळा दोष स्वयंपाक्याचा नसतो. याच विरळ हवेमुळे बंद वेफर्सचा पुडा वर गेल्यावर टम्म फुगतो, आणि काठोकाठ भरलेल्या बरणीतलं तेल झाकणातून झिरपतं. पुढे कधी गेलात तर एक बंद पुडा जवळ ठेवा आणि विमान उडण्याआधी नि उडाल्यावर दाबून बघा.

आईचं पोट भरलं, चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा मी सांगितलं. गाठोडं मोठ्या बॅगेत नव्हतं. जीपमध्ये होतं. मी ठेवलं होतं.

"का?"

"लोक काय म्हणतील, म्हणून."

ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. विमानाच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. शेजारच्या मुलीने कानात पुन्हा यंत्रं घातली. ऐकायचं नव्हतं म्हणून घातली, एवढं मला कळलं.

माझी आई चौथीपर्यंत शिकली. पुढे शिकली नाही, कारण दसरा-दिवाळी झाली की तिचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला हिला न्यायचे. आजही आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं अशी जातात. तुमच्यातल्या काहींचे आईवडील या क्षणी कुठल्यातरी फडात असतील. आई सांगते, रात्री ट्रक भरायचा. खाली भांडी, सरपण, वर माणसं, आणि भाकरीचं गाठोडं तिच्या मांडीवर. ते सांभाळायचं काम तिचं. दीड-दोन दिवस ते गाठोडं म्हणजेच घर. एकदा वळणावर गाठोडं हातातून सुटून रस्त्यावर पडलं. ट्रक थांबला नाही. पुढच्या मुक्कामापर्यंत सात माणसं उपाशी. कुणी तिला बोललं नाही, पण ती नऊ वर्षांची पोरगी ते विसरली नाही. ही गोष्ट मी तिच्या तोंडून दहा वेळा ऐकली होती. जीपमध्ये सीटखाली हात घालताना मला ती आठवली कशी नाही?

विमान खाली यायला लागलं. कान बंद झाले. बऱ्याच वेळाने आई माझ्याकडे वळली.

"गाडीवाल्यानं खाल्लं असंल का रे? का तसंच पडलंय सीटखाली? वास येऊन टाकून देईल तो."

दिल्लीला उतरल्यावर बहिणीला फोन करायच्या आधी तिने मला ड्रायव्हरला फोन लावायला सांगितलं. मी लावला आणि तिच्या कानाला धरला. तो मोठ्याने बोलायचा, मलाही ऐकू येत होतं.

"काकू, आडूळच्या पुढं वास आला तेव्हा कळलं बघा! मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच ठेवलंय. चार तिथंच खाल्ले, बाकीचे घरी पोरांना नेले."

"मीठ बरोबर होतं का?"

"एकदम बरोबर!"

आईने त्या मुलीकडे बघून मान हलवली. ती पट्ट्यावरून आपली बॅग उचलत होती. मग पुन्हा फोनमध्ये म्हणाली, "ते फडकं धुऊन ठेव बाबा. पुढच्या खेपेला लागंल."